ममारी फळीवरच्या रात्री

रोंगोरोंगो लिपीवरची पुस्तके आणि निबंध मी गेली काही वर्षे वाचतो आहे. या वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. या लिपीत ज्याला जे हवे असते ते त्याला सापडते. कुणाला सृष्टीची उत्पत्ती सापडते, कुणाला वंशावळ, कुणाला नौकानयनाची सूत्रे. मात्र चंद्र जवळजवळ सगळ्यांनाच सापडतो. चंद्रकोरीसारखे चिन्ह या लिपीत आहे, आणि ज्या समाजाने ती लिहिली तो समाज चंद्रावरूनच दिवस मोजत होता. मग अडचण कोठे आहे? अडचण अशी, की कोर दिसणे आणि कोर वाचता येणे या दोन गोष्टींमधले अंतर बहुतेकांनी एका उडीत पार केले. ज्याने ते पायी चालून पार केले त्याच्या हाती थोडेच लागले, पण तेवढेच आजवर टिकले आहे. हा लेख त्या थोडक्याविषयी आहे.

आधी लिपीची हकिगत सांगायला हवी. प्रशांत महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, रापा नुई नावाचे बेट आहे. 1722 मध्ये याकोब रोखेवेन हा डच दर्यावर्दी ईस्टरच्या रविवारी तेथे पोचला, म्हणून युरोपीय नकाशांत ते ईस्टर बेट झाले. तिथले दगडी पुतळे सगळ्या जगाला ठाऊक आहेत. लाकडी फळ्यांकडे मात्र त्यानंतर जवळपास दीडशे वर्षे कुणाचे लक्ष गेल्याची नोंद नाही. युजेन एरो हा फ्रेंच धर्मबंधू 1864 मध्ये बेटावर राहिला. घरोघरी चित्रलिपी कोरलेल्या फळ्या आणि काठ्या आहेत, असे त्याने त्या वर्षअखेरीस वरिष्ठांना कळवले. बेटवासीयांना त्यांची फारशी मातब्बरी राहिलेली दिसत नाही, असेही त्याच्या पत्रात आहे.

मातब्बरी का राहिली नाही, याचे उत्तर एरोच्या आधीच्या एका वर्षात आहे. 1862च्या डिसेंबरपासून पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांची जहाजे या बेटावर धाडी घालू लागली. सुमारे दीड हजार माणसे पळवली गेली. त्यांत राजघराण्यातले लोक होते, आणि फळ्या म्हणणारे जाणतेही होते. जी मूठभर माणसे परत आली त्यांनी सोबत देवी आणल्या. 1877 साली बेटावर 111 माणसे उरली होती. रोंगोरोंगोच्या उलगड्यावर लिहिणारे बरेच जण हा मजकूर प्रस्तावनेत एका परिच्छेदात उरकतात आणि मग ‘गूढ’ हा शब्द हाताशी धरतात. मला तो शब्द खटकतो. ही लिपी स्वतःहून गूढ झालेली नाही. ती वाचणारी माणसे विकली गेली आणि मेली, म्हणून ती मुकी झाली.

ताहितीचे बिशप तेपानो झोसाँ यांच्याकडे 1868च्या सुमारास बेटावरून एक भेट आली. केसांची लांबलचक दोरी एका लाकडी तुकड्याभोवती गुंडाळलेली होती. भेट दोरीची होती, लाकूड नुसते रीळ म्हणून वापरले होते. झोसाँनी दोरी बाजूला ठेवून लाकूड पाहिले आणि बेटावरच्या पाद्र्यांना फळ्या जमवण्याचा निरोप धाडला. आज सगळ्या जगात मिळून अशा दोन डझनांहून थोड्या अधिक वस्तू उरल्या आहेत आणि त्यांवर सुमारे पंधरा हजार चिन्हे आहेत. खुद्द रापा नुईवर त्यांतली एकही नाही.

झोसाँनी जमवलेल्या फळ्यांपैकी एकीचे नाव ममारी, म्हणजे अंडे. सुमारे 29 सेंटिमीटर लांब आणि साडेएकोणीस सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंवर चौदा-चौदा ओळी कोरलेल्या आहेत. लाकूड ज्या झाडाचे आहे ते आपल्या ओळखीचे निघाले याची मला गंमत वाटली. पिवळी फुले येणारा, कोकणच्या किनाऱ्यावर भेंडी म्हणून ओळखला जाणारा पारोसा पिंपळ तो हाच. ओळी खालून वर वाचायच्या, आणि प्रत्येक ओळ संपली की फळी अर्धी फिरवायची, कारण पुढची ओळ उलटी कोरलेली असते. नांगराचा बैल तासाच्या टोकाला वळतो तशी ही लेखणी वळते. फरक एवढाच की इथे बैलासोबत शेतही फिरते.

ही फळी वाचून दाखवील असा माणूस झोसाँना ताहितीतच भेटला. मेतोरो नावाचा एक रापानुई मजूर तिथल्या मळ्यावर काम करत होता. त्याने चार फळ्या हातात धरून गाऊन दाखवल्या आणि झोसाँनी त्याचा शब्द न् शब्द उतरवला. या ‘वाचना’त वाक्याला वाक्य लागत नाही. मेतोरो एकेक चिन्ह पाहून ते कशासारखे दिसते ते सांगत गेला असावा, असे ते सगळे वाचताना वाटते. पक्षी दिसला की पक्षी, कोर दिसली की चंद्र. त्याच्यावर लबाडीचा ठपका ठेवणारे लेखक आहेत. मला ते अन्यायाचे वाटते. परक्या मुलुखात, बिशपसमोर, कदाचित बालपणी ऐकलेल्या पठणाच्या आठवणीवर एक मजूर आणखी काय करू शकला असता?

झोसाँच्या वह्या पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे विस्मरणात गेल्या. रोमजवळच्या ग्रोत्ताफेर्राता येथे, झोसाँच्या धर्मसंघाच्या दफ्तरात, 1954 साली थॉमस बार्थेल या जर्मन संशोधकाला त्या मिळाल्या. बार्थेलने सर्व ज्ञात फळ्यांची रेखाटने केली, प्रत्येक फळीला अक्षर आणि प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिला. 1958 मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज या विषयात कुणी काहीही म्हटले तरी ते बार्थेलच्या क्रमांकांतच म्हणावे लागते. त्याने पुढे केलेली वाचने बहुतांशी मेतोरोच्या शब्दांवर उभी आहेत आणि ती कोसळली आहेत. त्याच ग्रंथातली एक गोष्ट मात्र उभी आहे. ममारीच्या एका बाजूवर, सहाव्या ते नवव्या ओळीत, चांद्रमासाची मोजणी आहे असे त्याने दाखवले.

ते कसे दाखवले, हे नीट पाहण्याजोगे आहे. या ओळींत चंद्रकोरी आहेत, पण कोरी इतरत्रही विखुरलेल्या आहेत. इथे त्या घोळक्याने येतात, आणि त्यांची बेरीज महिन्यातल्या रात्रींच्या घरात जाते. घोळक्यांच्या अधूनमधून चिन्हांचा एक ठरावीक गट ललकारीसारखा पुन्हा पुन्हा येतो. तो आठ वेळा येतो. त्याच्या शेवटी दोरीला लटकलेला मासा असतो. पहिल्या चार वेळा माशाचे तोंड वर असते, नंतरच्या चार वेळा खाली. आणि या दोन अर्ध्यांच्या मध्ये, पौर्णिमा जिथे यायला हवी त्या जागी, एका वर्तुळात बसलेली माणसासारखी आकृती आहे. पॉलिनेशियात चंद्रावरच्या डागांत एक म्हातारी दिसते. ती जमिनीत खणलेली भट्टी पेटवून बसलेली असते. आपण त्याच डागांत ससा किंवा हरीण पाहतो आणि चंद्राला शशांक, मृगांक म्हणतो, तसेच हे.

यातला एकेक पुरावा सुटा घेतला तर लेचापेचा आहे. कोर म्हणजे होडीही असू शकेल, बसलेली आकृती कुणीही असू शकेल. पुरावा आहे तो त्यांच्या मांडणीत: मोजता येणारी पुनरावृत्ती, मध्यावर होणारा पालट, आणि या दोहोंचा फळीबाहेरच्या एका यादीशी बसणारा मेळ. ही यादी नसती तर बार्थेलचे म्हणणे एक हुशार तर्क एवढ्यावरच थांबले असते.

ही यादी रात्रींच्या नावांची. रापा नुईच्या चांद्ररात्रींची नावे तीन वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांनी टिपली. 1886 मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘मोहिकन’ जहाजावरचा अधिकारी विल्यम थॉमसन, 1934-35च्या फ्रेंच-बेल्जियन मोहिमेतला मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेद मेत्रो, आणि बेटावर दीर्घकाळ राहिलेले धर्मगुरू सेबास्टियन एंग्लर्ट. तिन्ही याद्यांत थोडा थोडा फरक आहे, पण सांगाडा एकच. काही रात्रींना स्वतंत्र नावे आहेत: आता, आरी, माहारू, हुआ, आतुआ, पौर्णिमेची ओमोतोही. काही रात्री नुसत्या क्रमांकाने ओळखल्या जातात: कोकोरे ताही, कोकोरे रुआ, कोकोरे तोरू, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला नावे आणि मधल्या तिथींना द्वितीया, तृतीया असे क्रमांक, त्याची इथे आठवण होते.

ही नावे एकट्या रापा नुईची नाहीत, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला भक्कम दगड हाच आहे. हवाई बेटे रापा नुईपासून सात हजार किलोमीटरहून दूर आहेत. तिथल्या रात्रींची नावे पाहा. रापा नुईची हुआ तिथे हुआच आहे. आतुआ तिथे आकुआ होते, होतू होते होकू, माउरीचे माउली, हिरोचे हिलो, रोंगोचे लोनो. हवाईच्या भाषेत जुना ‘त’ ‘क’ झाला आणि ‘र’ ‘ल’ झाला. हे बदल त्या भाषेत सगळीकडे, नियमाने झालेले आहेत. म्हणजे रात्रींची ही माळ बेटे वसण्याच्या आधीची आहे, होड्यांतून माणसांबरोबर आलेली आहे. माओरी भाषेतही ‘कोरेकोरे’ रात्री आहेत, आणि त्या मासेमारीला अन् लागवडीला निष्फळ मानल्या जातात. रापा नुईच्या लोकांच्या डोक्यात ही यादी होती यात म्हणूनच काही शंका उरत नाही. जी यादी डोक्यात पक्की असते ती लिहायला घेतली जाणे अगदी स्वाभाविक.

1990 मध्ये जाक गी या भाषावैज्ञानिकाने बार्थेलच्या पुढे एक पाऊल टाकले. त्याचा प्रश्न साधा होता. आपली रात्रींची नावे ज्याला जन्मापासून पाठ आहेत त्याने ती लाकडावर कशासाठी कोरावी? गीचे उत्तर असे की ममारीवर नुसती यादी नाही, यादी चालवायचा नियम आहे. नावे असलेल्या पक्क्या रात्री अठ्ठावीस. चंद्राचा खरा महिना साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा. म्हणजे दर महिन्यात एक किंवा दोन रात्री भराव्या लागणार. होतू आणि हिरो या त्या भरीच्या रात्री. त्या केव्हा घालायच्या आणि केव्हा गाळायच्या, हे फळीवरच्या ललकाऱ्या सांगतात, असे गीचे म्हणणे.

पंचांग उघडणाऱ्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. क्षयतिथी आणि वृद्धितिथी आपण कुरकुर न करता पाळतो. पण इथे सावध राहायला हवे. आपली तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातले बारा अंशांचे अंतर. ती गणिताने काढायची आणि सूर्योदयाला कोणती चालू आहे ते पाहायचे. रापा नुईची रात्र म्हणजे खरीखुरी रात्र, डोळ्यांनी पाहायच्या चंद्राची. अडचण सारखी आहे, कारण चंद्र एकच आहे. उपाय आपापले. या साम्यावरून कुणी सिंधूच्या काठापासून रापा नुईपर्यंत पूल बांधू नये.

तसा पूल बांधून झालेलाही आहे. 1931 मध्ये जॉन मार्शलचे मोहेंजोदडोवरचे ग्रंथ प्रसिद्ध झाले, आणि लगेच 1932 मध्ये गियोम द हेवेशी याने पॅरिसच्या विद्वानांपुढे सिंधू मुद्रांवरची चिन्हे आणि रोंगोरोंगोची चिन्हे शेजारी शेजारी मांडली. जोड्या पाहिल्या तर क्षणभर चकित व्हायला होते. हातात काठी घेतलेला माणूस इथेही, तिथेही. पण शेकडो चिन्हांच्या दोन राशी असल्या, आणि त्यांतून आपल्याला हवी तेवढीच निवडायची मुभा असली, तर जोड्या जमणारच. सिंधू लिपीचा बहराचा काळ इसवीसनापूर्वी 2600 ते 1900. मधली साडेतीन हजारांहून अधिक वर्षे आणि अर्धी पृथ्वी कशी ओलांडली, याला हेवेशीकडे उत्तर नव्हते. मेत्रोने ही मांडणी पुढे खोडून काढली. तरीही आपल्याकडच्या लोकप्रिय लेखनात ती अधूनमधून डोके वर काढते, कारण आपल्या अभिमानाला ती गोड लागते.

माशाचेच उदाहरण घ्या. सिंधू मुद्रांवर मासा वारंवार येतो. आस्को पार्पोला याने तो तारा म्हणून वाचला, कारण द्राविडी भाषांत ‘मीन’ म्हणजे मासाही आणि ताराही. ते वाचन बरोबर असो वा नसो, ते द्राविडी भाषेवर उभे आहे. रापा नुईच्या भाषेत मासा म्हणजे ‘इका’, आणि ‘इका’ म्हणजे मारला गेलेला माणूस, बळी, हाही अर्थ होतो. लढाईत पडलेल्यांच्या याद्यांना तिथे ‘कोहाऊ इका’ म्हणत. मग ममारीवर दोरीला लटकलेला मासा काय सांगतो? तोंड वर तेव्हा चंद्र वाढतो, खाली तेव्हा घटतो, इतके मांडणीवरून कळते. आकार सारखा म्हणून पार्पोलाचा तारा उचलून इथे आणून ठेवला की ते लिपीचे काम राहत नाही.

स्टीव्हन रॉजर फिशरची चूक वेगळ्या जातीची, आणि अधिक मोहक. सांतियागोच्या संग्रहालयात सुमारे सव्वा मीटर लांबीचा एक कोरीव दंड आहे. त्यावर दोन हजारांहून अधिक चिन्हे आहेत. त्यात तीन-तीन चिन्हांची लय फिशरला दिसली. ऊरे वाए इको नावाच्या वृद्धाने 1886 मध्ये थॉमसनच्या मंडळींपुढे एक उत्पत्तिगीत म्हटले होते: अमक्याचा अमकीशी संग झाला आणि तमके जन्मले. फिशरने ही लय त्या गीताला जोडली, आणि बाकीच्या फळ्यांतही तेच पाहिले. दंडातली लय खरी आहे, ते निरीक्षण मोलाचे आहे. पण ज्या गीताचा तो आधार घेतो ते गीत कसे मिळाले? म्हातारा फळी हातात घ्यायला तयार नव्हता, धर्मगुरूंनी मनाई केली होती. त्याला दारू पाजली आणि फळ्यांची छायाचित्रे समोर धरली. तो म्हणत गेला, पण ओळींवर त्याचे लक्षही धड नव्हते. शिवाय एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागू लागली की किल्लीचाच संशय यावा. बार्थेलचे पंचांग आपल्या चार ओळींबाहेर पाय पसरत नाही. माझ्या लेखी ही त्याच्या बाजूची साक्ष आहे.

गीच्या नियमाविषयी मला एवढा निःशंकपणा वाटत नाही. तो सुंदर आहे, आणि प्रश्न अगदी योग्य विचारलेला आहे. पण त्याची भिस्त थॉमसनच्या यादीवर फार आहे, आणि भरीच्या रात्री कोठे पडतात याच मुद्द्यावर तिन्ही याद्यांचे जमत नाही. बार्थेलचा निष्कर्ष यादीतल्या एकदोन नावांची जागा बदलली तरी टिकतो. गीचा तसा टिकत नाही. त्याच्या हातून मेतोरोचा निकाल मात्र कायमचा लागला. मेतोरोने ममारीवरचे हे पंचांगच उलट्या दिशेने म्हटले होते, आणि मधल्या पौर्णिमेच्या चिन्हाला पौर्णिमा म्हणून ओळखलेही नव्हते, हे गीने दाखवून दिले. म्हणजे ज्या एका ठिकाणी मेतोरोची परीक्षा घेता येते तिथे तो नापास होतो. त्यानंतर त्याच्या शब्दांवर उभी असलेली कोणतीही ‘शब्दसूची’ स्वीकारण्याचे कारण उरत नाही.

बोरिस कुद्र्यावत्सेव हा लेनिनग्राडचा शाळकरी मुलगा. तिथल्या संग्रहालयातल्या दोन फळ्या आणि सांतियागोची एक फळी यांवर एकच मजकूर आहे, हे त्याच्या ध्यानात आले. तो महायुद्धात गेला. त्याचा निबंध 1949 मध्ये त्याच्या मागे छापला गेला. त्याने एकाही चिन्हाचा अर्थ सांगितला नाही, नुसते सारखे ते सारख्यापुढे मांडले. कॉन्स्टँटिन पोझ्द्न्याकोव यांनी याच रस्त्याने पुढे जाऊन बार्थेलची सहाशेच्या घरातली चिन्हे पन्नासेक मूळ आकारांवर आणली. रापानुई भाषेतल्या अक्षरोच्चारांची संख्या याच आसपास आहे. त्यामुळे ही लिपी निदान अंशतः उच्चार लिहिणारी असावी ही शक्यता बळावते. ती खरी असेल तर ममारीवरच्या कोरी नुसती चित्रे नसतील. ललकारीत रात्रींची नावे उच्चाराने लिहिलेली असतील, आणि तीच नावे आपल्याला तीन याद्यांतून ठाऊक आहेत. उलगड्याची वाट निघालीच तर ती याच चार ओळींतून निघेल, असे म्हणूनच मला वाटते. आजवर कुणी ‘माहारू’ किंवा ‘आतुआ’ तिथे सगळ्यांना पटेल असे दाखवलेले नाही.

वयाचा प्रश्नही इथे येतो. 1770 मध्ये स्पॅनिश जहाजे आली आणि बेटाच्या प्रमुखांनी त्यांच्या कागदावर चिन्हे काढली. त्यावरूनच लेखनाची कल्पना सुचली असे मानणारा पक्ष मोठा आहे. ताहुआ नावाची फळी तर युरोपीय वल्ह्याची आहे. 2024 मध्ये रोममधल्या चार फळ्यांच्या कार्बन-कालमापनाचे निष्कर्ष आले. तीन फळ्यांचे लाकूड एकोणिसाव्या शतकातले निघाले, एकीचे पंधराव्या शतकातले. जुन्या लाकडावर नवे कोरता येते, म्हणून यावरून विजयाचे ढोल वाजवण्याचे कारण नाही. पण लेखन बेटावरच, बाहेरच्याला न पाहता जन्मले असेल ही शक्यता आता टाकून देता येणार नाही.

कॅथरीन राउटलेज 1914-15 मध्ये बेटावर होती. म्हाताऱ्यांनी तिला आनाकेनाच्या किनाऱ्यावर भरणाऱ्या मेळ्याचे वर्णन सांगितले. न्गाआरा या राजापुढे जाणते लोक फळ्या म्हणत. वर्षाचा मोठा मेळा वेगळा. त्याखेरीज लहान बैठकी भरत त्या चंद्राच्या ठरावीक तिथींना, महिन्याच्या शेवटच्या पावात किंवा नव्या चंद्राला. राजा फळ्या वाचत येरझारा घाली आणि म्हातारे उभे राहून पाहत. ममारीवरच्या रात्रींचा उपयोग काय होता, याचे उत्तर मला कोणत्याही सिद्धांतापेक्षा या वर्णनात जास्त दिसते. बैठकीला कोणत्या रात्री निघायचे हे त्या समाजात कुणाला तरी अचूक सांगावे लागत होते.

वर्तुळात बसलेल्या त्या आकृतीकडे मी परत परत येतो. महिन्यातली ती कोणती रात्र हे आपल्याला कळले आहे. पण फळी हातात धरलेला माणूस तिथे पोचल्यावर ‘ओमोतोही’ म्हणत होता, भट्टी पेटवणाऱ्या म्हातारीची एखादी ओळ म्हणत होता, की काहीच न म्हणता फळी फिरवून पुढच्या कोरीकडे जात होता, ते चार ओळींतल्या कोणत्याही मोजणीतून निघत नाही.